प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षण : सक्तीचा शंभर वर्षांचा इतिहास

बीड जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत जाऊन भिंतीवरील वेळापत्रक पाहावे. भाषा, गणित, परिसर अभ्यास या विषयांच्या रांगेत ‘शारीरिक शिक्षण’ हे शब्द हमखास आढळतात. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात या विषयाची श्रेणीही नोंदविली जाते. परंतु वहीत माल जमा आहे म्हणून तो गोदामात असेलच असे नाही, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगावयास नको. वेळापत्रकातील हा तास आठवड्यातून किती वेळा खरोखर मैदानावर भरतो, असे विचारले की उत्तर देणारा क्षणभर थबकतो.

लहान मुलांना शाळेत नियमित व्यायाम सक्तीचा असावा, हा विचार आजचा नाही. महाराष्ट्रात त्याला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात राजे आहेत, योगी आहेत, मंत्री आहेत आणि कायदेही आहेत. ही सक्ती कोठे रुजली, कोठे कागदावर राहिली आणि तसे का झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तालीम वेगळी, शाळा वेगळी

जुन्या काळी गावातील पंतोजींची शाळा आणि गावातील तालीम या दोन स्वतंत्र संस्था होत्या. शाळेत मुळाक्षरे, मोडी, पाढे व हिशेब शिकविले जात. शरीराचे शिक्षण तालमीच्या हौद्यात, नदीच्या डोहात आणि हुतूतू, आट्यापाट्या, खो-खो यांच्या पटांगणात होई. ही व्यवस्था समर्थ होती, पण सर्वांसाठी नव्हती. मुलींना तालमीचा उंबरठा बंद होता आणि दुकानावर बसणाऱ्या घरांतील मुलेही तिकडे क्वचितच फिरकत.

इंग्रजी अमदानीत नव्या पद्धतीच्या शाळा आल्या. त्यांनी परीक्षा, बाके आणि घड्याळाचे तास आणले. मूल दिवसातील पाच-सहा तास एका जागी बसू लागले, आणि म्हणूनच त्याला उठविण्याची तजवीज शाळेनेच करावी, असा विचार पुढे आला. युरोपात तो आधीच मान्य झाला होता. डेन्मार्कने १८१४ च्या शालेय कायद्यात व्यायामाला स्थान दिले होते. भारतात १९२० साली मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी व्यायामशिक्षक तयार करणारे विद्यालय सुरू केले.

मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र आरंभाचे केंद्र बडोदे हेच मानावे लागेल. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच नगरीत जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव यांनी देशी व्यायामाला सांघिक रूप दिले आणि कवायतीचे हुकूम देशी भाषेत आणले. आबासाहेब मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा दहा खंडांचा प्रचंड मराठी ग्रंथही बडोद्याचीच देणगी होय.

औंधच्या राजांचा नमस्कार

शाळकरी मुलांवर व्यायामाची सक्ती करून ती वर्षानुवर्षे पाळून दाखविण्याचे सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरण म्हणजे औंध संस्थान. सातारा, सांगली आणि विजापूर या भागांत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेले हे छोटेसे संस्थान. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे निस्सीम उपासक होते. त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. ही सक्ती केवळ मुलांपुरती नव्हती, मुलीही नमस्कार घालीत. त्या काळाचा विचार करता ही गोष्ट लहान नव्हे. १९३६ मध्ये राजेसाहेब इंग्लंडला गेले तेव्हा तेथील वृत्तपत्रांनीही या व्यायामाची दखल घेतली. १९३८ साली त्यांचे यावरील इंग्रजी पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले.

औंधच्या सक्तीचे खरे वैशिष्ट्य हुकुमात नव्हते. हुकूम काढणारा राजा स्वतः रोज पहाटे नमस्कार घालीत असे. राणीसाहेब व राजपुत्रही त्यास अपवाद नव्हते. या व्यायामाला साधन लागत नाही, विशेष मैदान लागत नाही आणि प्रत्येक शिक्षक तो शिकवू शकतो, हेही त्याच्या यशाचे कारण होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि संस्थानी हुकूमही संपले.

मुंबई इलाख्यातील प्रयत्न

ब्रिटिश अमलाखालील मुंबई इलाख्यात १९२७ साली शाळांमधून सक्तीचे शारीरिक शिक्षण सुरू करण्यासंबंधी एक समिती नेमण्यात आली. कन्हैयालाल मुनशी तिचे अध्यक्ष होते. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे या समितीचे एक सदस्य होते. स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांचे ते शिष्य. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास योगाच्या शास्त्रीय संशोधनाचे कार्य आरंभिले होते.

१९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. सरकारने शारीरिक शिक्षणाचा नव्याने विचार करण्यासाठी स्वामी कुवलयानंद यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे व्यायामशिक्षकांची सरकारी प्रशिक्षण संस्था उघडली. सक्ती करावयाची तर आधी शिकविणारा माणूस तयार करावा लागतो, ही जाण या निर्णयामागे होती.

सरकारच्या बरोबरीने, किंबहुना सरकारच्या आधी, समाजानेही हे काम हाती घेतले होते. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. या मंडळाचे खेळाडू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ उभे केले. जैन समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून शरीरश्रमाला शिक्षणाचे अंग बनविले. तरुणपणी कुस्ती आणि मल्लखांब खेळलेल्या अण्णांच्या वसतिगृहात मुले शेतात काम करीत आणि दगड-मातीची बांधकामेही करीत. हात मळवून घेण्यात कमीपणा नाही, हा संस्कार त्यांनी खेडोपाडी पोहोचविला.

निजामी राजवटीतील बीड

हे सर्व घडत होते तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. इलाख्यात मुलांच्या व्यायामासाठी समित्या बसत होत्या, तर इकडे मराठी मुलाला मराठीतून शिकण्याचीच मारामार होती. शिक्षणाचे माध्यम उर्दू, शाळा विरळ आणि साक्षरता अत्यल्प. १९२९ च्या कुप्रसिद्ध ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाने सभा-संमेलनांवर बंधने घातली होती. खाजगी शाळा किंवा आखाडा उघडावयाचा तर त्यावरही सरकारी नजर असे. चार तरुण एकत्र येऊन दंड-बैठका काढतात, ही बाबदेखील संशयास पुरेशी ठरे.

अशा परिस्थितीत ज्या मोजक्या राष्ट्रीय वृत्तीच्या शाळा तग धरून राहिल्या, त्यांनी विद्यार्थ्यांची मने घडविली. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापकपद भूषविलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३५ च्या सुमारास मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस आले व योगेश्वरी विद्यालयाशी जोडले गेले. शरीरश्रम, व्यायाम व स्वावलंबन यांना मान देणारी राष्ट्रीय शाळांची परंपरा त्यांच्याबरोबर या जिल्ह्यात आली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. इलाख्यातील शाळांना या बाबतीत जी पंचवीस-तीस वर्षांची पूर्वतयारी मिळाली होती, ती बीडच्या शाळांना मिळाली नाही. नियम मात्र सर्वांना सारखे लागू झाले.

जिल्हा परिषदेची शाळा

स्वातंत्र्यानंतर देशपातळीवर योजना आल्या. आझाद हिंद सेनेतील मराठी सेनानी जनरल जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये दिल्लीतील निर्वासितांच्या मुलांपासून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. अशा निरनिराळ्या योजनांचा एकत्रित विचार पं. हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने केला. तिच्या १९६३ च्या अहवालानंतर १९६५ मध्ये राष्ट्रीय सुदृढता दलाची योजना आली. परंतु अशा योजनांचा भर मुख्यतः माध्यमिक शाळांवर राहिला.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. वाडी-तांड्यापर्यंत शाळा पोहोचली, हे या व्यवस्थेचे मोठे श्रेय होय. पण या शाळांतील गुरुजी एक किंवा दोन. तेच मराठी शिकविणार, तेच गणित शिकविणार, पटनोंदणी, जनगणना आणि निवडणुकीचे कामही तेच करणार. माध्यमिक शाळेला व्यायामशिक्षक मिळाला, प्राथमिक शाळेला तो मिळाला नाही. वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाचा तास अपुरा राहिलेला गणिताचा धडा पूर्ण करण्याच्या कामी येऊ लागला.

याचा अर्थ शाळांत काहीच होत नव्हते असा नव्हे. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारी जवळ आले की लेझमी बाहेर निघत, हलगी कडाडे आणि पंधरा दिवस पटांगण दणाणून जाई. सावधान-विश्रामचे आवाज गावभर ऐकू येत. पाहुणे येत, ध्वजवंदन होई, खाऊ वाटला जाई. दुसऱ्या दिवशी लेझमी पुन्हा पेटीत जात. व्यायाम हा सणासारखा आला आणि सणासारखाच गेला. २०१५ पासून २१ जूनला योग दिन होतो, त्याचेही अनेक ठिकाणी असेच होते. एका दिवसाच्या उत्साहाने रोजची सवय लागत नाही.

कायद्यातील एक कलम

६ ते १४ वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान असावे आणि प्रत्येक वर्गास आवश्यक ते खेळ-साहित्य मिळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. एका अर्थाने शंभर वर्षांच्या मागणीला कायद्याची मोहोर मिळाली.

परंतु हीच अनुसूची बारकाईने वाचली पाहिजे. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभरापेक्षा अधिक असेल तर. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. दोघांनी पाच वर्ग सांभाळावयाचे. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे बालाघाटाच्या डोंगररांगांत वस्त्या विखुरलेल्या आहेत, अशा लहान शाळांचीच संख्या मोठी. म्हणजे ज्या वयात शरीराला वळण लागते त्याच वयातील मुलांना शिक्षक नाही, असे या तरतुदीचे फलित दिसते.

महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. त्यात कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण या विषयांचे मूल्यमापन लेखी परीक्षेऐवजी वर्षभराच्या निरीक्षणावरून करावयाचे होते. कल्पना उत्तम होती. पण मूल पळालेच नाही तर निरीक्षण कशाचे करावयाचे? तरीही श्रेणीचा रकाना भरावाच लागतो, आणि तो भरला जातो.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

बीडच्या संदर्भात एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. शेतकऱ्याच्या व ऊसतोड कामगाराच्या मुलाला शाळेत आणखी व्यायाम कशाला? त्याला घरी कष्ट कमी आहेत काय? दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातील लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्याबरोबर गेलेली मुलगी फडाच्या कडेला धाकट्या भावंडांना सांभाळते आणि पाणी भरते. गावात मागे राहिलेली मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात.

या मुलांच्या वाट्याला कष्ट आहेत, पण खेळ नाही. कष्टात शरीराच्या ठरावीक भागांवरच भार पडतो आणि मनाला विसावा मिळत नाही. व्यायामात सर्व अवयवांचा तोल साधतो, श्वास लयीत येतो. खेळात नियम पाळणे, हरणे, सोबत्याला सांभाळून घेणे हेही शिकावयास मिळते. डोक्यावर घागर वाहणाऱ्या मुलीला खो-खोच्या पाटीची गरज कमी नसून अधिक आहे.

या मातीत किती बळ आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पाटोदा तालुक्यातील राहुल आवारे यांनी कुस्तीचे पहिले धडे आपल्या कुस्तीगीर वडिलांकडून घेतले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी घर ते शाळा हे सुमारे सहा किलोमीटरचे अंतर पायी किंवा धावत कापीत. लष्करात दाखल झाल्यावर २०१५ पासून ते स्पर्धात्मक धावण्याकडे वळले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्यांनी पटकाविले. एकाच्या पाठीशी वडिलांची तालीम होती, दुसऱ्याला लष्कराची संधी लाभली. ज्यांना यांपैकी काहीच लाभत नाही, त्या हजारो मुलांसाठी शाळेचे मैदान हे एकमेव ठिकाण आहे. त्यातील बहुतेकांना पदके मिळणार नाहीत, आणि तो हेतूही नाही. निरोगी प्रौढ नागरिक घडणे, एवढे साध्य झाले तरी पुष्कळ आहे.

व्यापारी घरांसमोरचा प्रश्न

आक्षेपाची दुसरी बाजू आपल्या समाजाने स्वतःस विचारावी अशी आहे. दुकान, गादी, गल्ला यांभोवती ज्यांचे जीवन फिरते त्या घरांतील मुलांच्या वाट्याला तर कष्टही उरलेले नाहीत. रिक्षाने शाळा, शाळेतून शिकवणी, शिकवणीतून घर आणि घरी मोबाइल, असा दिनक्रम झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दमदार हालचाल हवी, असे सांगितले आहे. चातुर्मास संपताच पायी विहारास निघणाऱ्या साधु-साध्वींना भक्तिभावाने निरोप देणाऱ्या समाजाला चालण्याचे मोल ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. पण दोन गल्ल्यांपलीकडील शाळेत आपला नातू पायी जातो काय, याचे उत्तर प्रत्येक घराने द्यावयाचे आहे.

शाळा चालविणाऱ्या संस्थांपुढेही हाच प्रश्न आहे. खोल्या वाढतात तसे मैदान घटते. देणगीदाराच्या नावाची पाटी खोलीवर लागते, मोकळ्या जागेवर लागत नाही. त्यामुळे मोकळी जागा राखणे हे कोणाच्याच नावावर जमा होत नाही.

समाजाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. भारतीय जैन संघटनेने २००९ पासून बीड जिल्ह्यातील ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला. विषय मूल्यशिक्षणाचा होता, पण त्यातील पद्धत येथे लक्षात घेण्यासारखी आहे. आधी शिक्षकांना प्रशिक्षण, मग वर्गात नियमित तास, आणि सोबत सातत्याचा पाठपुरावा. शारीरिक शिक्षणालाही नेमके हेच हवे आहे.

इतिहासाचा निष्कर्ष

शंभर वर्षांचा हा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. जेथे सक्ती केवळ मुलावर झाली तेथे ती टिकली नाही. जेथे ती आधी मोठ्यांनी स्वतःवर लादून घेतली तेथेच तिला फळ आले. औंधच्या राजाने पहाटे उठण्याची सक्ती स्वतःवर केली. खेर मंत्रिमंडळाच्या काळात सरकारने शिक्षक तयार करण्याची जबाबदारी घेतली. वैद्य बंधूंनी व दामले यांनी आपले आयुष्य वेचले. याउलट केवळ परिपत्रकाच्या बळावर आलेला तास वेळापत्रकातच राहिला.

म्हणून प्राथमिक शाळेत नियमित शारीरिक शिक्षण सक्तीचे असावे, या मागणीचा खरा अर्थ संस्थेने मैदान राखावे, शासनाने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठीही शिक्षक द्यावा, मुख्याध्यापकांनी तो तास दुसऱ्या विषयास देऊ नये आणि पालकांनी तो तास वाया गेला असे मानू नये, असा आहे. यातील शासनाचा भाग मागून घ्यावा लागेल. उरलेल्या गोष्टींना कोणाच्या परवानगीची गरज नाही. संस्थांचे सुवर्णमहोत्सव साजरे करणाऱ्या पिढीने पुढील पन्नास वर्षांसाठी एक मोकळे पटांगण आणि त्यावर रोज भरणारा एक तास मागे ठेवला, तर येणारी पिढी त्याची नोंद कृतज्ञतेने करील.